सत्ताविसावा घाव

घण्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. भावाच्या लोहारकामाच्या दुकानात वीस वर्षं घण हाणला, तेच नाव चिकटलं. फाटक असो, जाळी असो, लोक म्हणायचे, "थोरल्याचा हात म्हणजे हात!" अहो, थोरला भाऊ काय करायचा? सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि हातोडीनं टिचकी मारून दाखवायचा, इथे हाण म्हणून. खांदे निखळायचे ते धाकट्याचे. गिऱ्हाईक आलं की थोरल्याला खुर्ची आणि याला "ए, जरा सरक रे." आग होणार नाही तर काय होणार पोटात?

एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी जाळी बसवताना त्यानं हे गाऱ्हाणं काढलं. मास्तर भला माणूस. म्हणाले, "श्रीं म्हण. लक्ष्मीचा बीजमंत्र. घरात बरकत येईल आणि चार लोकांत मानही मिळेल. डोळे मिटून शांत बसायचं, रोज एक माळ, एकशे आठ वेळा, चाळीस दिवस. मोजणी मधे तुटली तर पहिल्या दिवसापासून पुन्हा."

शांत बसायचं! बसल्या जागी घोरणाऱ्या माणसानं! घण्यानं स्वतःचं डोकं चालवलं. लोखंड एकदा तापलं की थंड होईपर्यंत पंचवीसेक घाव बसतात. सत्तावीस हाणले की पाव माळ. असे चार ताप झाले की माळ पुरी. घण वर जाताना श्वास आत, खाली येताना "श्रीं". आणि काय सांगावं, असे घाव पडू लागले की ऐरणीखालचा ओंडका उभा चिरला. एक गिऱ्हाईक थबकून म्हणालं, "काय हाणतो हो हा!" एवढ्यावर घण्या आठ दिवस हवेत होता.

भानगड एकच. थांबायची खूण म्हणजे थोरला हातोडी रिकाम्या ऐरणीवर आपटायचा. टण्ण! ती वाजली की घण वरच्या वर आवरायचा, कारण लगेच थोरल्याचा उजवा हात हातोडी सोडून, सांडशी पुढून धरून लोखंड फिरवायला आत जायचा. थोरला कधी बाविसाला थांबवायचा, कधी चोविसाला. घण्या मात्र घाईघाईनं उरलेले हाणूनच थांबायचा. दोनदा थोरल्याची बोटं थोडक्यात वाचली.

तिसाव्या दिवशी सव्विसाव्या घावाला टण्ण झालं आणि थोरल्यानं सरळ सांडशीच आडवी घातली. "बहिरा झालास का रे गाढवा?" असं म्हणत त्यानं गिऱ्हाइकांदेखत धाकट्याच्या कानशिलात भडकावली. घण्यानं घण टाकला आणि भावाचा गळा धरला. दोघं कोळशात लोळले. थोरल्यानं सांडशी नाकावर हाणली, हाड कट्कन मोडलं. घण्यानं त्याच्या कानाला दात लावले ते रक्त तोंडात येईपर्यंत सोडले नाहीत. वहिनीनं लोखंड विझवायच्या पिंपातलं पाणी दोघांवर ओतलं. "एका आईच्या पोटचे ना रे तुम्ही? मेल्यांनो, लाज वाटते का?"

घण्याला लाज वाटली नाही. तुटलेल्या नाकापेक्षा तुटलेली माळ त्याला जास्त झोंबत होती. तीस दिवस मातीत गेले. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली आणि मनाशी ठरवलं, आता प्रत्यक्ष बाप उठून आला तरी थांबायचं नाही.

या खेपेला चाळिसावा दिवस आला. शेवटचा ताप. चोवीस. पंचवीस. सव्वीस.

टण्ण.

ऐकू आलं. अगदी स्वच्छ. थोरल्याचा पंजा आत येताना दिसलाही. घण डोक्यावर होता, आवरता आला असता.

"श्रीं."

लोखंडावर रक्त चर्र करून जळालं. थोरला आधी ओरडलाच नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. मग असा ओरडला की समोरच्या गल्लीतली माणसं धावत आली. दवाखान्यात पंजा मनगटापासून कापावा लागला. पोलिसानं विचारलं तेव्हा थोरल्यानं सांगितलं, "खूण द्यायला मीच विसरलो. त्याची चूक नाही."

महिनाभरात सगळं मिळालं. दुकान घण्याच्या हातात आलं, खुर्ची आली, कामं वाढली, लोक आदरानं "मिस्त्री, मिस्त्री" करू लागले. घण्या मात्र त्या खुर्चीत बसेना. एका दुपारी तो थोरल्याच्या खोलीत गेला. थोरला खाटेवर बसला होता, अंगात शर्ट नुसताच अडकवलेला.

"दादा, खूण वाजली होती. मी ऐकली होती."

"माहीत आहे. तुझ्याकडेच बघत होतो मी."

"मग पोलिसाला का नाही सांगितलंस?"

थोरल्यानं डाव्या हातानं त्याच्या तोंडात मारली. मग दुसरी मारली. ओठ फुटला. घण्यानं चुकवलं नाही. "मार," म्हणाला, "अजून मार." पाचव्या-सहाव्या थपडेला थोरल्याचा हात खाली पडला आणि तो लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. घण्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

मग थोरल्यानं नाक पुसलं.

"सकाळपासून धडपडतोय," तो म्हणाला. "बटणं लाव जरा."

घण्या खाली बसला आणि त्यानं वरच्या बटणापासून सुरुवात केली.