एकाच मतदारसंघातले दोघे

पूर्वी लोकसभेला ठाणं आणि आमची डोंबिवली एकाच मतदारसंघात होती. मतदारसंघ इतका अवाढव्य की उमेदवाराचं तोंड आम्हाला फक्त पोस्टरवर दिसायचं. बाबांच्या पक्षाचा उमेदवार तर पडण्यासाठीच उभा राहायचा. त्याचं डिपॉझिट वाचलं तरी बाबा पेढे आणायचे, आणि आई ते देवापुढे ठेवायला साफ नकार द्यायची.

निवडणूक लागली की नौपाड्याहून बाबांचे एक मित्र यायचे. आम्ही त्यांना ठाण्याचे काका म्हणायचो. सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला चुना मारून दोघं घोषणा रंगवायचे. बाबा गेरूने अक्षरांच्या कडा काढायचे, काका आत निळा रंग भरायचे. बाबांनी रंग भरला की ओघळ यायचे आणि काकांना सरळ रेघ जमायची नाही. दोघं मिळून कसाबसा एक पेंटर व्हायचा.

निकाल लागला की पुढच्या निवडणुकीपर्यंत भेट नाही. काम नसताना कुणाच्या घरी जाऊन बसायचं म्हणजे दोघांनाही संकोच. हा निव्वळ आडमुठेपणा आहे असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. ठाणं काय विलायतेत आहे?

मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. खाडीच्या अलीकडचे आम्ही कल्याण मतदारसंघात गेलो, काका ठाण्यातच राहिले. पेपरात नकाशा आला, तो बाबांनी एकदाच पाहिला आणि पेपर घडी घालून ठेवला.

पुढच्या निवडणुकीला काका सवयीने आलेच, पिशवीत ब्रश घेऊन. बाबांच्या कडा काढून झाल्या होत्या. तेवढ्यात पक्षाचा नवा शहराध्यक्ष आला आणि अगदी गोड शब्दांत म्हणाला, "काका, तुम्ही आता ठाण्याचं बघा ना. इकडे आमची पोरं आहेत." काकांनी मान डोलावली, आमच्याकडे चहा घेतला आणि निघाले. बाबांनी एक शब्द टाकला असता तर ते थांबले असते. बाबा नुसते गेरूचा डबा ढवळत राहिले.

पोरं काही आली नाहीत. निकाल लागून गेला तरी ती अक्षरं भिंतीवर तशीच पोकळ होती, आणि येता-जाता मला त्यांचा राग यायचा.

त्यानंतर उरला तो मतदानाच्या दिवशीचा फोन. बाबा विचारायचे, "झालं का मतदान?" काका म्हणायचे, "झालं. तुमचं?" एवढं बोलून दोघंही समाधानाने फोन ठेवायचे.

गेल्या निवडणुकीला बाबा मतदान करून आले आणि बोटावरची शाई वाळायच्या आत फोनपाशी बसले. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी नंबर लावून स्पीकर सुरू करून दिला. फोन काकांच्या सुनेने उचलला. काका दिवाळीच्या सुमारास गेले, असं तिने सांगितलं. नातेवाइकांना, जुन्या ऑफिसातल्यांना, सगळ्यांना कळवलं होतं म्हणाली. बाबांचं नाव तिने कधी ऐकलेलं नव्हतं.

"आपण त्यांचे कोण?" तिने विचारलं.

बाबांनी शाई लागलेल्या बोटाकडे पाहिलं. मित्र म्हणून सांगतील, असं मला वाटलं.

"आमचा मतदारसंघ एक होता," ते म्हणाले.