आठ मिनिटांवर हॉस्पिटल

ऑफिसात त्याला सगळे मिनिटमास्तर म्हणत. शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या आलिशान घरांच्या जाहिराती लिहिणं हा त्याचा धंदा. कुठलंही ठिकाण दहा मिनिटांच्या आत आणून ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तसा माणूस खोटारडा नव्हता हो, त्याची आपली एक रीत होती. रविवारी भल्या पहाटे, रस्त्यावर कुत्रंही फिरकलेलं नसताना, तो ती घरं बांधणाऱ्या मालकांची गाडी काढायचा, सुसाट हाणायचा आणि लागलेली मिनिटं वहीत टिपायचा. शाळा, स्टेशन, बाजार, सगळं असं मोजलेलं. कोणी वाद घातलाच तर वही पुढे करायचा.

नदीकाठच्या बारा मजली इमारतींच्या वेळी मात्र पंचाईत झाली. मोठं हॉस्पिटल होतं समोरच, पण नदीपलीकडे. पूल व्हायचा होता. पात्रात तीन खांब तेवढे उभे होते.

"मास्तर, लोक राहायला येईपर्यंत पूल होतोय," मालक म्हणाले. "होणारा पूल झालेलाच धरायचा असतो आपल्या धंद्यात."

मास्तरने नकाशावर पट्टी ठेवली, न झालेल्या पुलावरून हिशेब केला आणि लिहून टाकलं, हॉस्पिटल आठ मिनिटांवर. चित्र काढणाऱ्याने नदीही अशी बारीक काढली की तिला ओढा म्हणायची लाज वाटावी.

ती जाहिरात वाचली त्याच्या सख्ख्या ताईने.

भावोजींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. एक खेप चुकली की पाय सुजायचे, धाप लागायची. जुन्या घरापासून हॉस्पिटल लांब पडायचं. ताईने जुनं घर विकायला काढलं, भावाला चकित करायचं म्हणून गुपचूप नवं ठरवलं आणि पावती नाचवतच त्याच्याकडे आली.

"कुणाला विचारलंसुद्धा नाही बघ," ती म्हणाली. "म्हटलं, आपल्या भावाने लिहिलंय, अजून काय पाहिजे?"

व्यवहार मोडता येण्याची मुदत संपायला तेव्हा अजून आठवडा होता. एक वाक्य बोलला असता तर सगळं निभावलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे वीस वर्षांची अब्रू बहिणीसमोर उघडी टाकायची. पूल काय, होईलच, असं म्हणत त्याने स्वतःची जाहिरात स्वतःच्याच गळ्यात मारली. भित्रा मेला! त्याची बाजू कोणी घेऊ नये.

ताई राहायला गेली. ठेकेदार काम सोडून पळाला आणि पूल तीन खांबांवरच राहिला. हॉस्पिटलला जायचं तर जुन्या पुलावरून वळसा, मालट्रकांच्या रांगेत अडकत जाताना सव्वा तास, येताना दीड. आणि गॅलरीत उभं राहिलं की ते हॉस्पिटल समोरच, खिडक्या मोजता येतील इतकं जवळ. डायलिसिस झाल्यावर भावोजी परतीच्या वाटेत गाडीत ओकायचे. ताई भावाला एका शब्दाने टोचत नसे. "तुला तरी काय माहीत असणार रे," असं उलट तीच त्याची समजूत घालायची, आणि ते त्याला जोड्याने मारल्यासारखं लागायचं.

तो मालकांकडे गेला, घर परत घ्या म्हणाला. मालकांनी कानांवर हात ठेवले. "खाली बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहिलंय ना? तुम्हीच लिहिलंय."

मग एका दुपारी त्याने ताईला सगळं सांगून टाकलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. तिने ते सगळे काढले, एकेकाच्या घड्या घातल्या.

"बरं," ती म्हणाली. "आता हे घर विकून दे."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरी जाहिरात लिहिली. हॉस्पिटल सव्वा तास. चार महिन्यांत एक फोन आला नाही.

"आठ लिही," ताई म्हणाली.

"ताई, अगं..."

"परक्यांसाठी लिहीत आलास ना इतकी वर्षं? मग बहिणीसाठी हात का आखडतोस? आठ लिही म्हणते ना!"

त्याने पेन काढलं. तेवढ्यात पलंगावरून भावोजी म्हणाले, "थांबा हो. आठ मिनिटं वाचून हे घर घ्यायला धावत कोण येणार? ज्याला हॉस्पिटल लागतं तोच. माझ्यासारखाच कोणीतरी."

"मग आपण काय करायचं?" ताई किंचाळलीच.

"आठवड्यातून दोनदाच जाऊ. तिसरी खेप आता झेपत नाही मला."

डॉक्टर रागावले, ताईने रडून आकांत केला, मास्तरने पाय धरले. भावोजी आयुष्यभर कुणाला उलटून बोलले नव्हते, पण यावेळी ऐकेनात. मास्तर तरीही दर शुक्रवारी, त्या तिसऱ्या खेपेच्या दिवशी, गाडी घेऊन दारात हजर. एका शुक्रवारी भावोजी गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते, दम खात, पलीकडे बघत.

"आजही नाही," ते म्हणाले. "तुम्ही उगाच हेलपाटा घालता."

ताई आतून त्यांच्या चपला घेऊन आली. सुजलेले पाय त्यांत शिरेनासे झाले होते. तिने त्या भावाच्या हातात दिल्या, मापासाठी.

"याहून दोन नंबर मोठ्या आण," ती म्हणाली. "घरातल्या घरात घालायला."

मास्तर चपला आणायला बाजारात गेला. त्यांच्यासाठी करता येण्यासारखं एवढंच काय ते त्याच्या हाती उरलं होतं.