खिळ्याला टांगलेला डबा

सकाळचे आठ वाजले की गजराआक्का गल्लीतून एक फेरी मारायच्या आणि डबे मोजायच्या. नवागाममधली आमची गल्ली एवढीशी, की टेम्पो शिरला तर माणसाने भिंतीला चिकटून उभं राहावं. रात्रपाळीहून आलेल्या माणसाचा डबा बायका घासून दाराबाहेरच्या खिळ्याला टांगत. वाळावा म्हणून टांगत, दुसरं काही नाही. पण आक्कांनी त्याचा कायदाच करून टाकला होता. ज्या दाराला डबा, त्या घरात माणूस झोपलेला आहे. तिथे धुणं आपटायचं नाही, पोरांनी चेंडू खेळायचा नाही. भाजीवाला तर आमच्या गल्लीत आला की कुजबुजत कांदे विकायचा.

"आपला दिवस ती त्यास्नी रात शे, माय," आक्का म्हणायच्या. हे त्यांनी मला लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सांगितलं. मी हातातला हंडा जरा जोरात ठेवला होता, एवढंच निमित्त.

आक्का भांडत नसत. कुणी ऐकलं नाही की त्या सुपात तांदूळ घेऊन त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसत आणि खडे वेचत. घरच्यांनी विचारलंच तर म्हणत, "काही नही. तुमनं काम आटपानी वाट देखस." माणूस दहा मिनिटांत शरमेने गप्प व्हायचा. पाठीमागे बायका त्यांना गल्लीची फौजदारीण म्हणत. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

आमचे हे उधन्याला लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, होते. बारा तासांची पाळी, पंधरा दिवस दिवसाची आणि पंधरा दिवस रात्रीची. माझा स्वभाव मुळातच घाबरट, त्यात ह्यांनी एकदा सहज सांगितलं होतं की मागातला धोटा उडून लागला तर माणसाचं हाड मोडतं आणि डोळा लागलेल्या माणसाला मशीन ओळखत नाही. तेव्हापासून रात्रपाळीचे पंधरा दिवस माझा एकच उद्योग. ह्यांची झोप झाली की नाही, हे मी ह्यांच्या डोळ्यांवरून, घास उचलणाऱ्या बोटांवरून बघत बसायचे.

अशात समोरच्या घरात बन्सी राहायला आला. स्वतःचा टेम्पो, कापडाच्या ताग्यांचं भाडं मारायचा. त्याने मोठे दोन स्पीकर आणले आणि आमच्या दाराकडे तोंड करून खिडकीत ठेवले. फेरी नसली की दहा वाजल्यापासून गाणी. आमचं पत्र्याचं दार त्या आवाजाने थरथरायचं. ह्यांनी एकदा हळूच सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "घर तुमनं शे भाऊ, गल्ली तुमनी नही." ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही. डोक्यावर उशी दाबून पडून राहायचे. मी दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. त्याने काय होणार?

रात्रपाळीच्या नवव्या दिवशी ह्यांनी सदरा उलटा घातला आणि तसेच निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. "काही नाही, जरा लागलं," म्हणाले आणि झोपले. दहा वाजता गाणी सुरू झाली. मी पळत आक्कांकडे गेले आणि म्हटलं, सूप घ्या आणि चला.

आक्का उठल्याच नाहीत. नवऱ्याला त्या दाल्ला म्हणत. "दाल्ला कोना झोपेल शे? तुना. मंग तू जाय."

मला रडू आलं. मी म्हटलं, मला नाही जमायचं, मला भीती वाटते त्याची. आक्का सुकाभाऊंच्या दाराकडे बोट करून म्हणाल्या, "त्याना हात देखेल शे ना तू?"

सुकाभाऊ आक्कांच्या समोरच्या घरात राहायचे. उजव्या हाताला तीनच बोटं, म्हणून लूम सुटलेलं. एका कारखान्यावर रात्रीचे वॉचमन होते. त्यांच्या दाराला बारा महिने डबा असायचा.

"मनी पोरनी हळद व्हती," आक्का म्हणाल्या. "भर दुपारले भोंगा लाया. सुकाभाऊ रातपाळीना माणूस, घरमा झोपेल व्हता. मी डबा देखा, तरी भोंगा चालू ठेवा. लगीनघरले कसं बोलू, म्हनीसन तोबी गप. सांजले हळदनं जेवण करीसन कामवर गया. त्याच रातले दोन बोटं गयात." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "तो एक सबद बोलता ना, मी भोंगा बंद करी टाकती. आजलोंग बोलना नही. तू बोल वं माय."

सूप मात्र त्यांनी माझ्या हातात दिलं. मी बन्सीच्या उंबऱ्यावर बसले आणि तांदळात बोटं फिरवू लागले. खडा कुठला आणि तांदूळ कुठला, काही दिसत नव्हतं. बन्सी बाहेर आला. "काय वहिनी?"

"भाऊ, हे झोपेल शेत," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "रातले त्यास्ना हात मशीनवर ऱ्हास. काल अंगठाले लागनं. उद्या हात जाई."

त्याने आत जाऊन आवाज कमी केला आणि स्पीकरची तोंडं भिंतीकडे फिरवली. "इतलं व्हतं ते आजलोंग काबर बोलनी नही?" म्हणाला. पूर्ण सुधारला असं नाही. दिवाळीत, क्रिकेटच्या दिवशी पुन्हा आवाज चढायचा. मग मी सूप घेऊन जायचे.

चार वर्षांनी आक्का गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास संपलंच. गल्लीत त्या दिवशी सात डबे टांगलेले होते, त्यातला एक आमचा. आक्कांची मुलगी रिक्षातून उतरली, आईला पाहिलं आणि हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या दारावरचा डबा तिला दिसला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आम्ही सगळ्या बायका तशाच, तोंड दाबून बसलेल्या. बन्सीने टेम्पो चालू न करता ढकलत गल्लीबाहेर नेला. मेलेल्या माणसाच्या दारात एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती, आणि ती मला सहन होत नव्हती.

समोरचं दार उघडलं. सुकाभाऊ बाहेर आले. त्यांनी तीन बोटांनी खिळ्यावरचा डबा काढला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"आते रडा, माय," ते म्हणाले. "मी जागा शे."

मी उठले आणि आमच्या दाराचा डबा काढायला गेले.