सुट्या पीसची गॅरंटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या काकांचं दुकान होतं. इतकं छोटंसं, की तिसऱ्या गिऱ्हाइकाने पायरीवरच थांबायचं. लेक शिकायला दूर गेली तेव्हा तिच्याशी बोलायला म्हणून मी त्यांच्याकडून मशीन जोडून घेतलं. त्यांनी दोन हार्ड डिस्क पुढे ठेवल्या. एक रंगीत खोक्यात, कंपनीच्या कार्डासकट. दुसरी नुसती पिशवीत, स्वस्त.

"माल तोच, ताई. ही डिस्क कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांकडे घाऊक जाते, म्हणून खोका नाही. खोक्यावर काय झोपायचंय?"

"आणि बिघडली तर?"

"बॉक्स पीसला कंपनी बघते, सुट्याला मी. तीन वर्षं."

"तुम्हीच कुठे गेलात तर?"

"मी कुठे जातोय मरायला!"

माझा जीव आधीच कांद्याच्या सालीएवढा. तरी सुटी डिस्कच घेतली. काकांनी भिंतीवरच्या यादीत लिहिलं, 'हॉस्टेलवालीची आई', आणि पुढे तारीख.

त्यांचा मुलगा सातासमुद्रापार. पाच वर्षांची नात रोज दुकानातल्या स्क्रीनवर यायची. एकदा माझ्यादेखत तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला पाय आहेत का?" काका खो खो हसले, मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मुलगा दोन वर्षं तिकडे बोलावत होता. "येईन की, सुटे पीस संपू देत," हे ठरलेलं उत्तर. नव्या गिऱ्हाइकांना ते आता बॉक्स पीसच देत. मुदत सरली की यादीतल्या एकेका नावावर काट बसे. गेल्या महिन्यात एकच नाव उरलं, माझं. अकरा महिने बाकी.

"असे जातील," काका म्हणाले.

अकरा महिने कसे जातात ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन गेले.

"बॉक्स पीस बसवून द्या."

"का? कुरकुरतेय?"

"नाही. लेकीचे फोटो आहेत त्यात, मला झोप लागत नाही."

"दोन वर्षं बरी लागली!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, थाप मारायला शिका जरा."

पण स्क्रू काढायला बसले. फोटो उतरवण्यात दुपार गेली. शेवटी मार्कर माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच मारा काट."

पंधरा दिवस झाले, शटर खाली आहे. माझ्या फळीवर रंगीत खोका आहे. कार्डावर कंपनीचा नंबर आहे, पण "खोक्यावर काय झोपायचंय?" असं तिथून कोण विचारणार?

काल काकांचा तिकडून व्हिडिओ फोन आला. बोलता बोलता नातीने तो हिसकावला आणि थेट जमिनीपाशी नेला. "हे बघा, आहेत!" भेगाळलेल्या टाचा, नवे कोरे मोजे अर्धवट चढवलेले.

आज लेकीचा फोन आला. जेवलीस का, सर्दी गेली का, सगळं विचारून झालं. ती ठेवणार, तेवढ्यात मी म्हटलं, "जरा कॅमेरा खाली कर."

"कशाला गं, आई?"

"पाय बघू दे तुझे."