दाभण कुणीकडं वळलं

चितेगावच्या कडूबाची नात तनुजा विद्यापीठात करते तरी काय, हे चारचौघांना सांगताना म्हाताऱ्याची जीभ सुकायची. "अणूंचे फोटू काढती," एवढंच तो सांगे. "कॅमेरा कुठला?" असं कुणी विचारलं, की झाली पंचाईत!

कॅमेरा नव्हताच मुळी. एक अतिबारीक सुई पदार्थाला न टेकता त्याच्यावरून फिरते, मधल्या फटीतून चोरटी वीज झिरपते आणि तिच्या कमीजास्तीवरून अणूंचं चित्र उमटतं. तनुजा तेच चित्र संगणकावर नुसत्या गणितानं काढायची. पण जुळेना! खऱ्या चित्रातले ठिपके लांबुळके, सगळे एकाच अंगाला कललेले. हिचे मात्र बुंदीसारखे गोल. "सोमवारपर्यंत बघू, नाही तर विषय बदलू," तिच्या मार्गदर्शक सत्यशीला मॅडम म्हणाल्या. म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

रविवारी पोर तोंड पाडून अंगणात बसली. कडूबानं तुरीची गोणी पुढ्यात ढकलली. "तोंड शिवून बसलीस, त्यापरीस ही शिव!"

तनुजानं दाभण खुपसलं. शिवता शिवता हात वळला आणि ती थबकली. पांढऱ्या गोणीवर आधीची भोकं उभी, आताची तिरपी. गोणी तीच, दाभण तेच.

"आबा, भोकं गोल का नाय पडली?"

"दाभण काय गोल असतं व्हय? टोक चपटं. हात फिरला की भोक फिरलं. त्यात काय नवल?"

"लई नवल हाये!" सुतळी तशीच लोंबकळत सोडून ती आत पळाली.

हिशेबाला सोपं म्हणून तिनं सुईचं टोक गोल धरलं होतं. पण टोकाच्या शेवटच्या अणूलाही स्वतःची ठेवण असते. तिनं ती गणितात घातली. ठिपके लांबले, पण आडवे. टोक जरा फिरवलं, ठिपके कलले. अजून जरा... आणि ती खुर्चीतच उडाली.

सोमवारी मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. "जुळलं की गं! पण मग हे चित्र अणूंचं का सुईचं?"

"दोघांचं, मॅडम. कुणाचं किती, तेच शोधायचंय."

"मग विषय कशाला बदलायचा?"

ती घरी येताच कडूबानं विचारलं, "जुळलं?"

"व्हय आबा!"

"मग ये इकडं. कालपासून तूर सांडायलीय."