निम्म्या सामन्याचं अभिनंदन

फिलिपिन्सच्या बास्केटबॉल संघाला मी जिंकवलं, तेव्हा सामना निम्माच झाला होता. हे मला ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती बारीकशी चूक.

आता नांदेडच्या माणसाला फिलिपिन्सच्या बास्केटबॉलशी काय देणंघेणं? तर आमची लेक तिकडे डॉक्टरकी शिकते. लातूरला दोन वर्षं क्लास लावूनही इकडे नंबर लागला नाही, मग समुद्र ओलांडावा लागला. तिथं ती एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहते. कॉलेज पायी पाच मिनिटांवर. मुख्य म्हणजे बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात हिला फोडणी घालू देतात, ठसका लागला तरी काही म्हणत नाहीत. पण पुढच्या वर्षी खोली हिला ठेवायची की भाचीला द्यायची, हे त्या त्याच आठवड्यात ठरवणार होत्या. लेक काळजीत.

"पप्पा, बाईंना दोनच गोष्टींचं वेड हाय. चर्च आणि बास्केटबॉल."

चर्चमध्ये माझी ओळख नाही. म्हणून बास्केटबॉल धरलं.

तिकडे म्हणे गल्लोगल्ली खांबाला रिंग ठोकलेली असते आणि लोक चपला घालून खेळतात. देशाचा संघ बाहेरच्या ताडमाड लोकांशी भिडला की रस्ते ओस पडतात. बाईंच्या गल्लीतले खेळाडू उंचीनं आमच्या निलंग्याच्या साडूएवढे, आणि साडू पंख्याचं बटण टाचा उचलून दाबतात. "हिमतीला उंची लागत नाही," असं मी लेकीला ऐकवलं. तिनं फोन ठेवला.

सामन्याच्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडून अभिनंदनाचं बॅनर करून घेतलं, मोबाईलवर पाठवण्यापुरतं. मधे बाईंचा फोटो, मागे त्यांचा संघ, वर इंग्रजीत हार्दिक अभिनंदन आणि खालच्या कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून हात जोडलेला मी. फ्लेक्सवाल्यानं न विचारता मला गॉगल लावला.

"साहेब, इंटरनॅशनल मामला हाय," म्हणाला.

संध्याकाळी पाचला मोबाईल भिंतीला टेकवून बसलो. त्यांचा संघ चांगला वीस गुणांनी पुढे. मग भोंगा वाजला, खेळाडू आत गेले आणि मैदानात पोरी नाचायला लागल्या. आपल्याकडे मतमोजणीला नाच सुरू झाला म्हणजे निकाल लागला. मी बॅनर थेट बाईंच्या नंबरवर पाठवून दिलं, मोबाईल चार्जिंगला लावला आणि चहा सांगितला.

"एवढ्यात संपलं?" बायकोनं विचारलं.

"गुंडाळून टाकलं त्यांना."

तासाभरानं लेकीचा फोन. "पप्पा, काय पाठवलंत हे? ते मध्यंतर होतं! नंतर आमची टीम हरली, दोन पॉइंटनी." 'आमची' म्हणाली, हे मी तेवढ्यातही टिपलं. "बाई पायरीवर बसल्यात, कुणाशी बोलून नाही राहिल्या. शेजारचे येऊन तुमचा फोटो बघून चाललेत."

"गॉगलमधला?"

"पप्पा!"

दुसरा चहा तसाच निवला. पोरगी परदेशात टिकली होती ती त्या फोडणीच्या वासावर, आणि तिची चूल विझवायला मी सकाळपासून तयारी करून बसलो होतो. गॉगलसकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा पुन्हा फोन आला. खोली तिलाच ठेवली होती. हजारो कोस लांबून आपल्या संघासाठी कुणी एवढा खटाटोप करतं, हे पाहून बाई विरघळल्या म्हणे. अट एकच: इथून पुढे त्यांच्या संघाचा सामना असेल तेव्हा हिच्या वडिलांनी मोबाईल बंद ठेवायचा.

"म्हणजे मी नजर लावली, असं वाटतंय का त्यांना?"

"वाटत नाही, पप्पा. खात्री हाय."

हे सगळं बायकोला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या बाईला एका सामन्यात कळलं. पोरीचा डॉक्टरकीच्या प्रवेशाचा पेपर झाला, त्याच संध्याकाळी तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते. तेव्हा माझं कुणी ऐकलं?"