दुपारी वाढणारं वजन

सरांशी तिची पहिली भेट झाली तेव्हा प्रयोगशाळेत आधी त्यांच्या भुवया आल्या, मागून चष्मा आला, आणि बऱ्याच उशिराने, पोट सांभाळत, खुद्द सर आले. तिने धुऊन ठेवलेलं काचेचं भांडं त्यांनी उजेडात धरलं. आत एक थेंब लटकत होता. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, थेंब धरून बसत नाही. सरांनी त्या थेंबाकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय. पुढे कितीतरी दिवस तिच्या वाट्याला नुसती भांडीच आली. एवढं शिकून शेवटी भांडीच घासतेस होय, असं आईने विचारलं. घरातली कधी घासली नाहीस, हेही न विसरता जोडलं.

पण ती टिकली. सरांच्या प्रयोगशाळेत नियम एकच होता: ज्याला निकाल सापडला, त्यानेच तो मोडायला बसायचं. चहूबाजूंनी धोपटूनही मोडला नाही, तरच तो जगाला दाखवायचा.

तिला सापडलं ते असं: तिने तयार केलेले स्फटिक दुपारी जड व्हायचे. अगदी केसभर, पण रोज. सर पहिल्यांदाच "बरं आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द म्हणजे इतरांनी काढलेली मिरवणूक. तिचा सगळा प्रबंध आता या केसभर वजनावर उभा राहणार होता. आईने तर शेजारीपाजारी शोध लागल्याचं जाहीरही करून टाकलं. कसला, ते तिला ठाऊक नव्हतं, पण मोठा.

तिने निकाल धोपटला. खिडक्या लावल्या, हवा कोरडी केली, तराजू बदलला. पठ्ठ्या मोडेना. ती मनातून खूश होती.

मग एक दिवस सर दाढ काढायला गेले. त्या दुपारी वजन वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी सर सुजलेला गाल घेऊन हजर झाले, आणि वजन वाढलं.

तिने तराजूवरची नजर काढून सरांवर लावली. रोज दुपारच्या वजनाला येत तसे ते दोन्ही कोपरं टेकून, पोटाचा भार टेबलावर सोडून, आकड्याची वाट बघत होते. गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं.

"सर, जरा मागे सरकता?"

"का?"

"टेबल कलतंय. तुमच्या भाराने."

सर मागे झाले, वजन उतरलं. रेलले, चढलं. खेळणं मिळाल्यासारखं त्यांनी हे पुनःपुन्हा करून पाहिलं. इकडे ती हिशोब करत होती: शोध गेला, प्रबंध गेला, आणि वर सरांना त्यांच्याच प्रयोगशाळेत जाड म्हणून झालं.

"मोडलास की नाही शेवटी?" सर सुजल्या गालातून म्हणाले. "हे बरं नाही, बाईसाहेब. हे चांगलं आहे."

त्यांनी लगेच खडूने दाराशी रेघ मारली आणि वजन चालू असताना ती कधी ओलांडली नाही. आवाजाला मात्र रेघ लागू नव्हती.

आज ती स्वतः प्रयोगशाळा चालवते, विद्यार्थ्यांना निकाल मोडायला बसवते आणि थेंब दिसला की भुवया चढवते. टेबलाला हात लावत नाही.

प्रबंध दुसऱ्याच विषयावर झाला, बराच उशिरा. सर निवृत्त झाले आणि पुढे न्यूमोनियाने गेले. स्फटिकांचं वजन दुपारी वाढत नाही.